व्यायामातील रक्तदाबवाढ

व्यायामातील रक्तदाबवाढ : शारीरिक श्रम सुरू होताच हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या एकत्रित कार्यामुळे रोहिण्यांमधील (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमधील) रक्ताच्या दाबात होणारी तात्पुरती वाढ. निरोगी प्रौढ व्यक्तीचा विश्रांतीतील रक्तदाब साधारणपणे १२०/८० मिमी. पारा असतो. जोरात धावताना वरचा, म्हणजे आकुंचन दाब १८० ते २०० पर्यंत चढतो. खालचा, म्हणजे प्रसरण दाब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो किंवा थोडा उतरतो. ही वाढ म्हणजे बिघाड नव्हे. उलट ती झाली नाही, तर काळजी करावी लागते.

रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो : हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते आणि त्या रक्ताला वाहिन्यांकडून किती रोध होतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त टाकते. व्यायामाचा विशेष सराव नसलेल्या तरुणाचे हृदयही कमाल श्रमात २० लिटरपर्यंत मजल मारते. प्रवाह असा चौपट झाला आणि वाहिन्या होत्या तशाच राहिल्या, तर सरासरी दाबही (खालचा दाब अधिक दोन्ही दाबांतील फरकाचा एक-तृतीयांश) चौपट व्हायला हवा, म्हणजे ९३ वरून ३७० च्या आसपास जायला हवा. प्रत्यक्षात तो ११० ते १२० च्या घरात थांबतो. याचा अर्थ, एकूण रोध त्या वेळी विश्रांतीतील रोधाच्या एक-तृतीयांशाहूनही खाली आलेला असतो. ‘हृदय जोरात धडधडते म्हणून दाब वाढतो’ हे नेहमीचे उत्तर त्यामुळे अर्धेच ठरते.

रोध घटतो तो काम करणाऱ्या स्नायूंमध्ये. आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतून पोटॅशियम, ॲडिनोसीन, कार्बन डाय-ऑक्साइड असे पदार्थ बाहेर पडतात, वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि भोवतीच्या सूक्ष्म रोहिण्या सैल पडतात. विश्रांतीत सर्व सांगाडी स्नायूंना मिळून मिनिटाला जेमतेम एक लिटर रक्त पुरते; तीव्र व्यायामात हृदयाने टाकलेल्या रक्तापैकी ८० टक्क्यांहून अधिक रक्त तिकडे वळते. त्याच वेळी अनुकंपी तंत्रिका, म्हणजे श्रम-ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतू, आतडी, मूत्रपिंडे आणि स्वस्थ असलेले स्नायू यांच्या वाहिन्या आवळतात. मेंदूचा पुरवठा मात्र फारसा बदलत नाही. काम करणाऱ्या स्नायूंनाही वाहिन्या आवळण्याचा हा संदेश पोहोचतो, परंतु तेथील स्थानिक रसायने त्याची धार बोथट करतात. रेमेन्स्नायडर, मिचेल आणि सार्नॉफ यांनी १९६२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे दाखवले. धार बोथट होते, पण संदेश पूर्णपणे पुसला जात नाही, आणि ते फार मोलाचे आहे : शरीरातील सगळे मोठे स्नायू एकदम पूर्ण सैल झाले, तर तेवढे रक्त पुरवणे कोणत्याही हृदयाला जमणार नाही आणि दाब कोसळेल.

हृदयाच्या बाजूने पहिला बदल क्षणार्धात होतो. ठोके आवरून धरणाऱ्या परानुकंपी तंत्रिकेची पकड सुटते. ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले, की मुख्य भार अनुकंपी तंत्रिका आणि ॲड्रेनॅलीन उचलतात. दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही वाढते, कारण पिंढरी-मांडीचे स्नायू नीला (हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या) दाबून रक्त वर ढकलतात, खोल श्वास ते छातीकडे ओढतो आणि जास्त भरलेला निलय (हृदयाचा रक्त बाहेर टाकणारा कप्पा) जास्त जोराने आकुंचन पावतो. महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीत, इतके रक्त झटक्यात शिरल्याने वरचा दाब उसळतो. दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल झालेल्या वाहिन्यांतून भराभर निघून जाते, म्हणून खालचा दाब चढत नाही.

दाब किती ठेवायचा, हे मेंदू ठरवतो. क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये नोंदवले, की व्यायाम सुरू होताच, स्नायूंतील रसायनांचा परिणाम व्हायच्या आतच, नाडी आणि श्वसन वाढते. हालचालीचा आदेश देणारा मेंदूच हृदयालाही सूचना धाडतो, हा विचार त्यातून पुढे आला. दुसरी सूचना स्नायूंकडून येते. आलम आणि स्मर्क यांनी १९३७ मध्ये व्यायाम करणाऱ्या अवयवावर हवेचा पट्टा फुगवून तेथील रक्तप्रवाह अडवला. व्यायाम थांबला तरी पट्टा आवळलेला असेपर्यंत रक्तदाब चढाच राहिला आणि पट्टा सोडताच तो उतरला. अडकून पडलेली रसायने स्नायूंतील तंत्रिकांना चेतवत होती. मानेतील रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत असलेले दाबग्राही (रक्तदाबातील बदल टिपून मेंदूला कळवणारी तंत्रिकांची टोके) या काळात बंद पडत नाहीत. ते अधिक उंच पातळीला ‘योग्य’ मानून तीच सांभाळू लागतात.

स्थिर श्रमांत चित्र वेगळे दिसते. जड वजन उचलताना किंवा मल्लखांबावर शरीर ताठ धरून ठेवताना आवळलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या चेपतो, रोध पुरेसा घटत नाही आणि दोन्ही दाब चढतात. मॅक्डुगल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या दंडातील रोहिणीत नळी घालून मोजमाप केले, तेव्हा दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० आणि एका व्यक्तीत ४८०/३५० मिमी. पारा असा दाब आढळला. श्वास कोंडून जोर लावल्याचाही यात मोठा वाटा असतो. म्हणूनच उच्च रक्तदाब असलेल्यांना वजन उचलताना श्वास सोडत राहायला सांगतात.

ट्रेडमिलवरील स्ट्रेस टेस्टमध्ये हीच वाढ तपासली जाते. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, आणि रुग्ण कठडा धरून चालत असताना तंत्रज्ञ त्याच्या दंडावर दाब मोजत राहतो. श्रम वाढूनही वरचा दाब उतरू लागला, तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची किंवा झडप अरुंद असल्याची शंका येते. दाब २५०/११५ च्या पुढे गेला, तर चाचणी थांबवण्याचा विचार केला जातो. पट्टा एकदम न थांबवता हळूहळू मंद करतात, कारण पाय अचानक थबकले, की पिंढऱ्यांकडून रक्त वर ढकलले जाणे बंद पडते, वाहिन्या मात्र अजून सैलच असतात, आणि रक्त पायांत साठून रुग्णाच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.