पोर वाया गेलंय की घाबरलंय: शाळेतली शिक्षा, ट्रॉमा आणि दहा प्रश्नांची पार्श्वभूमी

घरात रोज राडा होत असेल तर पोराचं शाळेत धड चालत नाही, हे मास्तरांना पूर्वीपासून माहीत आहे, ते कळायला कुठलं शास्त्र लागलं नाही. पण 'ट्रॉमा', म्हणजे मनावरचा खोल आघात, हा शब्द शाळेपर्यंत पोचला तो फार उशिरा आणि आडवळणानं. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागं राहणारा मानसिक आजार, आलं तेव्हा डोळ्यापुढं होते ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेले सैनिक. एखादी भयंकर घटना घडून जाते आणि मग तिची आठवण पिच्छा सोडत नाही, असा तो साचा. संध्याकाळी दाराची कडी वाजली की ज्याच्या पोटात गोळा येतो ते मूल त्यात कसं बसणार, त्याच्यासाठी ती घटना घडून गेलेलीच नसते, आज रात्री परत होणार असते.

आणि शाळा नेमक्या त्याच काळात उलट्या दिशेला चालल्या होत्या. अमेरिकेत १९९४ चा कायदा आला, बंदूक घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढायचं. बंदुकीपुरतं ते ठीक होतं, पण 'झिरो टॉलरन्स', म्हणजे चुकीला माफीच नाही, म्हणून तोच खाक्या हळूहळू मारामारी, उलट बोलणं, वर्गात गोंधळ इथपर्यंत पसरला. सस्पेंड झालेलं पोर जातं कुठं, तर घरी, आणि बऱ्याचदा सगळं दुखणं त्या घरातच असतं. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीनं या धोरणाचा आढावा घेतला, तर शाळा त्यामुळं जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा काही सापडला नाही. मधल्या काळात किती पोरांची वर्षं गेली याचा हिशोब कोण देणार.

मागून बाई येतात, प्रेमानं खांद्यावर हात ठेवतात, आणि मुलगा खुर्ची भिरकावून देतो. बाईंना वाटतं उद्धटपणा. पण मागून येणारा हात म्हणजे मार हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याचं शरीर विचार करायला थांबत नाही, छाती धडधडते, स्ट्रेस हार्मोन वाढतात, आणि 'या बाई आहेत, बाबा नाहीत' हे कळेपर्यंत खुर्ची सुटलेली असते. दुसरं एखादं मूल तेवढ्याच भीतीनं नुसतं गप्प होतं, बाकावर डोकं टाकून बसतं, त्याला कुणी शिक्षा करत नाही आणि विचारतही नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ झालाय तो 'एसीई स्कोअर' या प्रकरणात (लहानपणच्या वाईट अनुभवांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येक 'हो'ला एक मार्क), आणि त्यावर जरा थांबायलाच हवं. सुरुवात झाली १९८५ च्या आसपास सॅन दिएगोच्या एका लठ्ठपणाच्या क्लिनिकमध्ये, वजन छान उतरत असताना लोक मधेच सोडून जात होते, आणि विचारपूस केल्यावर अनेकांच्या लहानपणचे अत्याचार बाहेर आले. त्यातून पुढं १७ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, पहिले निष्कर्ष १९९८ साली छापून आले. चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव असलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट. आकडे हादरवणारेच होते.

पण उत्तरं देणारे कोण होते ते बघा: आरोग्यविमा असलेली, बरीचशी शिकलेली, सरासरी पन्नाशी ओलांडलेली माणसं, आणि तीही आठवून सांगत होती. मोजलं काय, तर हृदयरोग, सिगरेट, लठ्ठपणा. वर्गातलं वागणं त्यात कुठंच नव्हतं. सुरुवातीचे सात प्रकार पुढं दहा झाले. आईबाप वेगळे झाले, एक मार्क. वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार झाला, त्यालाही एकच मार्क. गरिबी नाही, वस्तीतली हिंसा नाही, आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की शाळेतला छळ, शाळेत खाल्लेला मार, सगळ्यांसमोर झालेला अपमान यातलं काहीच त्या दहात नाही. म्हणजे शाळा प्रश्न विचारणार घराबद्दल, स्वतःबद्दल नाही. लोकसंख्येसाठी बनवलेली ही मोजपट्टी पुढं एकेका मुलाला लावायची टूम निघाली, 'याचा स्कोअर सहा आहे' असं लोक बोलायला लागले. शेवटी २०२० मध्ये मूळ अभ्यासाच्याच एका कर्त्याला लेख लिहून सांगावं लागलं की हा स्कोअर एका व्यक्तीचं निदान करायला किंवा भविष्य सांगायला वापरू नका.

निदानाच्या बाजूनंही गोची झालीच. लहानपणी सतत होणाऱ्या आघातांसाठी वेगळं निदान हवं असा प्रस्ताव काही तज्ज्ञांनी २००५ च्या सुमारास मांडला होता, त्याच निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत तो घेतला नाही. पुरावा पुरेसा नाही म्हणाले. मग व्हायचं तेच होतं, त्याच पोराच्या फाइलवर कधी एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) चिकटतं, कधी 'विरोधी वर्तन', म्हणजे पुन्हा वागण्यालाच नाव, कारणाला नाही.

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियात विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून शाळा प्रशासनावरच केस टाकली, ट्रॉमाचा शिकण्यावर परिणाम होतो तर त्याला अपंगत्व मानून मदत द्या. दाव्यात म्हटलं होतं की एक बेघर मुलगा दोन महिने शाळेच्याच छपरावर झोपत होता, आणि हे उघडकीला आल्यावर त्याला सस्पेंड केलं. कोर्टानं केस काढून टाकली नाही, पण एवढंही स्पष्ट केलं की आघात झाला म्हणजे आपोआप अपंगत्व ठरत नाही, मुलामुलागणिक बघावं लागेल.

तोवर 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड', म्हणजे पोराच्या वागण्यामागचा आघात समजून घेऊन चालणाऱ्या, शाळांची ट्रेनिंगं जोरात सुरू झाली होती. २०१९ मध्ये त्यांच्या परिणामांचा एक कडक आढावा घेतला गेला, हजारो नोंदी चाळल्या, आणि शाळाभर असा बदल केल्यानं नेमकं काय साधतं हे तपासणारा एकही अभ्यास त्यांच्या निकषात बसला नाही.