कॉर्डलेस दूरध्वनी : घरगुती मांडणी आणि वापर

दूरध्वनीच्या तारेला जोडलेला बेस आणि त्याच्याशी रेडिओलहरींद्वारे संपर्क ठेवणारा, हातात घेऊन फिरता येणारा हँडसेट, असे दोन भाग असलेल्या घरगुती संचाला कॉर्डलेस दूरध्वनी म्हणतात. नावावरून या फोनला तारच नसावी असा समज होतो. प्रत्यक्षात नाहीशी झालेली असते ती फक्त रिसीव्हरची पीळदार वायर. बेसला दोन तारा राहतातच : एक दूरध्वनी केंद्राकडून येणारी आणि दुसरी विजेची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हा संच किती उपयोगी पडतो, हे बहुतेक वेळा या दुसऱ्या तारेवर ठरते.

कॉर्डलेसची गल्लत डब्ल्यूएलएल (वायरलेस लोकल लूप) फोनशी नेहमी होते. डब्ल्यूएलएलमध्ये घरापर्यंत तार येतच नाही. टेबलावरचा फोन थेट दूरसंचार कंपनीच्या मनोऱ्याशी जोडला जातो. कॉर्डलेसचा मनोरा म्हणजे घरातलाच बेस, आणि त्याची मजल घर व अंगणापुरती असते. दोन्हींच्या सीमारेषेवरचे एक भारतीय उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. १९९० च्या दशकात आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने घरगुती कॉर्डलेससाठी असलेल्या डेक्ट या मानकावरच ‘कॉरडेक्ट’ ही प्रणाली उभी केली आणि तिच्याद्वारे गावोगावी बिनतारी जोडण्या देता आल्या.

जॉर्ज स्वाइगर्ट या अमेरिकी संशोधकाला अशा बिनतारी संचाचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. बाजारात रुळलेल्या सुरुवातीच्या अॅनालॉग संचांत बेस सुमारे ४६ मेगाहर्ट्झवर आणि हँडसेट सुमारे ४९ मेगाहर्ट्झवर बोलत असे. त्यांत संभाषण सांकेतिक केलेले नसल्याने शेजारच्या घरातील त्याच जातीच्या हँडसेटवर ते ऐकू येऊ शकत असे. मळ्यातील घरापर्यंत फोन नेण्याच्या मोहाने काही किलोमीटर पल्ल्याचे संचही घेतले जात. मात्र १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियमानुसार परवान्याविना असा संच बाळगणे गुन्हा होता. आजचे घरगुती संच बहुतांशी डेक्ट मानकाचे आहेत. हे मानक १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दहा वाहक लहरी वापरते आणि प्रत्येक लहरीवर बारा संभाषणांची सोय करते. संच मोकळी वाहिनी स्वतः शोधून घेतो, म्हणून एकाच गल्लीत अनेक बेस असले तरी एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळत नाही. डेक्टमध्ये संभाषण सांकेतिक करण्याचीही सोय आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेतून येणारे नातेवाईक पुष्कळदा तिकडचा ‘डेक्ट ६.०’ संच भेट म्हणून आणतात. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो. भारतात हा पट्टा मोबाइलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या २१०० मेगाहर्ट्झ सेवेच्या लहरींचा आहे, त्यामुळे असा संच परिसरातील मोबाइल सेवेत अडथळा आणतो. शिवाय त्याचा अडॅप्टर तिकडच्या ११०–१२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालताच जळतो. भेट परत करणे अवघड असते, पण हा संच जोडू नये.

मांडणीची सुरुवात बेसपासून होते. तांब्याच्या जोडणीत लाइनमनने भिंतीवर बसवलेल्या रोझेटपासून, म्हणजे फोन जोडण्याच्या डबीपासून, बेसपर्यंत दूरध्वनीची बारीक वायर आणावी. त्याच तारेवर ब्रॉडबँड येत असेल तर मधे स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी) बसवून त्याच्या ‘फोन’ लिहिलेल्या छिद्रातच बेस जोडावा, अन्यथा बोलताना सूं सूं असा आवाज येतो आणि इंटरनेट तुटत राहते. अडॅप्टर संचासोबत आलेलाच वापरावा. राउटरचा अडॅप्टर दिसायला सारखा असला तरी तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि कॉर्डलेसच्या बेसला त्याहून कमी दाब लागतो. घरातली अदलाबदल हे बेस निकामी होण्याचे एक साधे कारण आहे. हँडसेटमध्ये साधारणपणे १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. पहिल्या वेळी ते माहितीपत्रकात सांगितले असेल तितका वेळ, अनेक संचांत सुमारे १६ तास, सलग चार्ज करावेत. घड्याळाचे किंवा रिमोटचे साधे सेल त्यात कधीही घालू नयेत, कारण चार्जिंगला लावल्यावर ते गळतात आणि फुटूही शकतात.

एकाच खोक्यातून आलेला हँडसेट बेसशी आधीच जोडलेला असतो. नंतर विकत घेतलेल्या हँडसेटची नोंदणी करावी लागते : बेसवरचे हँडसेट शोधण्याचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, हँडसेटच्या मेनूतून नोंदणी निवडायची आणि चार अंकी सांकेतिक क्रमांक द्यायचा. पुष्कळ संचांत तो मुळात ०००० असतो. अनेक बेस चार ते सहा हँडसेट सांभाळतात, आणि मग माडीवरून खालच्या दुकानाशी किंवा खळ्यातल्या खोलीशी इंटरकॉमवर बोलता येते. त्या बोलण्याला दूरध्वनीची लाइन लागत नाही. मोठ्या एकत्र कुटुंबात बाहेरच्या फोनपेक्षा हीच सोय अधिक वापरली जाणे शक्य आहे.

जागेची निवड हा या भागापुरता स्वतंत्र विषय आहे. मोकळ्या जागेत सुमारे ३०० मीटर आणि इमारतीत सुमारे ५० मीटर ही डेक्टची सर्वसाधारण मजल समजली जाते, पण जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात ती बरीच घटते. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, लोखंडी कपाटे आणि पडवीवरचे पत्रे लहरींना अडवतात किंवा परतवतात. म्हणून बेस आतल्या देवघराच्या कोनाड्यात न ठेवता, ओट्याकडच्या खोलीत किंवा जिन्याजवळ, जमिनीपासून चार-पाच फूट उंच ठेवावा. उन्हाळ्यात धाब्यावर किंवा गच्चीवर झोपणाऱ्या घरांना जिन्याजवळची जागा विशेष सोयीची असते, कारण जिन्याच्या उघड्या वाटेने लहरी वर पोहोचतात. रावेर-यावल पट्ट्यात घराला लागून केळीची बाग असली, तर पाण्याने भरलेली रुंद पाने लहरी शोषतात. उघड्या शेतात जेथवर आवाज येतो, तेथवर तो बागेत येत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हाच्या झोतात बेस बसवू नये. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि निकेल-मेटल हायड्राइड सेल अशा तापमानात नीट चार्ज होत नाहीत, शिवाय त्यांचे आयुष्यही कमी होते.

विजेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या वायरच्या फोनला घरातली वीज लागतच नाही. दूरध्वनी केंद्र तांब्याच्या तारेवरूनच सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरवते, त्यामुळे भारनियमनात सारे गाव अंधारात असतानाही, केंद्रातील बॅटऱ्या चार्ज असेपर्यंत, डायल टोन ऐकू येत असे. कॉर्डलेसचे तसे नाही. लाइट गेली की बेस बंद पडतो आणि हातातला हँडसेट पूर्ण चार्ज असूनही निरुपयोगी होतो, कारण त्याचे बोलणे तारेवर चढवणारा बेसच जागा नसतो. याचे घरगुती उत्तर म्हणजे त्याच लाइनवर वायरचा एक साधा फोन समांतर जोडून ठेवणे. बेस इन्व्हर्टरच्या प्लगवर घेणे हा दुसरा उपाय, आणि बेसला वीज अगदी थोडी लागत असल्याने इन्व्हर्टरवर त्याचा भार जाणवत नाही. तांब्याच्या जागी फायबर आल्यावर मात्र पहिला उपाय गेला. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, आणि फायबरला फोन जोडण्यासाठी घरात बसवलेली ओएनटी नावाची पेटी विजेवाचून बंद पडते. तिच्यासोबत वायरचा फोनही बंद पडतो. अशा घरात ओएनटी आणि बेस या दोघांनाही इन्व्हर्टर हवा. एकालाच दिला तर तो दिल्यासारखा नाही.

वीज परत आल्यावर हँडसेट काही क्षण बेस शोधत राहतो आणि आपोआप जोडला जातो. या काळात घाईने नव्याने नोंदणी करू नये. नोंदणी बेसच्या स्मृतीत टिकून असते, पुसली जाते ती बहुधा फक्त तारीख आणि वेळ.

नंबर लावण्याच्या दोन पद्धती आहेत. मोबाइलप्रमाणे आधी आकडे दाबून मग हिरवे बटण दाबता येते, किंवा आधी बटण दाबून, डायल टोन ऐकून मग आकडे दाबता येतात. घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा दुसरी पद्धत पटते, कारण लाइन चालू आहे याची खात्री कानाला होते. जळगावात जळगावचाच लँडलाइन नंबर लावताना ०२५७ हा कोड लागत नाही. धुळ्याला लावताना ०२५६२ आणि नंदुरबारला ०२५६४ लावावा लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे देशभर आवश्यक झाले. त्यापूर्वी हँडसेटच्या फोनबुकात साठवलेले मोबाइल नंबर शून्याविना असतील तर ते लागत नाहीत, आणि दोष मात्र फोनला दिला जातो. येणाऱ्याचा नंबर पडद्यावर दिसत नसेल, तर आधी ती सेवा लाइनवर सुरू आहे का ते पाहावे. ती सुरू असूनही नंबर येत नसेल, तर मेनूत एफएसके आणि डीटीएमएफ या नंबर पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी सध्या नसलेली निवडून पाहावी.

हँडसेट उचलताच बॅटरी संपल्याची सूचना येऊ लागली, तर दोन-तीन वर्षे वापरलेले सेल आधी बदलावेत. संच बाद करण्याची घाई नको. चार्जिंगच्या पितळी पट्ट्यांवर धूळ आणि घामाची पुटे चढली, तरी हीच लक्षणे दिसतात. कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसल्यावर फरक पडतो.

वळवाच्या पावसात खांबावरून घरात येणाऱ्या तांब्याच्या ड्रॉप वायरमधून आकाशातील विजेचा दाब आत शिरू शकतो. कॉर्डलेसच्या बेसला तो दोन बाजूंनी गाठू शकतो, टेलिफोनच्या तारेतून आणि अडॅप्टरमधून. म्हणून आभाळ गडगडू लागण्याआधीच दोन्ही तारा काढाव्यात. केवळ प्लगचे बटण बंद केल्याने टेलिफोनची तार सुटत नाही.