निराधारचा पगार आणि नकाराचा कागद

नागपुरात म्हातारपणाच्या तरतुदीची जुनी खूण सापडते ती एम्प्रेस मिलमध्ये. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या या गिरणीत 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड. त्या काळात हे मोठंच पाऊल होतं, पण हजेरीपटावर नाव असणाऱ्यांपुरतं. घरी बसून विड्या वळणारी, शेतात निंदण करणारी, चार घरची भांडी घासणारी बाई कुणाच्याच हजेरीपटावर नव्हती. तिचं म्हातारपण आधी नवऱ्याच्या नोकरीवर, मग पोराच्या मर्जीवर.

राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये वृद्धापकाळी सरकारी साहाय्याची गोष्ट आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व, निव्वळ त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. महाराष्ट्रात अंतुले सरकारनं 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली, पुढं म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आली. केंद्राचं वृद्धापकाळ पेन्शन 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालं, महिना 75 रुपये. तेही वेळेवर मिळेना, म्हणून 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत पैसे द्या, असं राज्यांना बजावलं. आता राज्यात 1500 मिळतात. लोक त्याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात.

रक्कम वाढली, पण 21,000 रुपयांची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तिथंच राहिली. महिन्याला 1750. शिवाय हे उत्पन्न कुटुंबाचं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख केली. पण पोराची मजुरी तिच्या खात्यावर धरली, की तीच कुटुंबप्रमुख निराधार ठरत नाही. वयाच्या पुराव्याचं वेगळंच. शाळेचा दाखला नाही, आधारवर अंदाजानं टाकलेलं साल, माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. हा घोळ पुरुषाच्या वाट्याला कमी येतो, कारण त्याचं नाव लग्नात बदलत नाही.

जून 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस क्रमांक 202 मंजूर केली. त्यात सामाजिक सुरक्षेसाठी स्त्री-पुरुष समानता आणि सोपी, जलद, कमी खर्चाची अपिलाची सोय, दोन्ही मागितल्या आहेत. शिफारस बंधनकारक नसते, हे खरं. आपल्याकडं 2015 चा लोकसेवा हक्क कायदा मात्र बंधनकारक आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत तेही कळवायचं. पहिल्या अपिलाला 30 दिवस, नंतर दुसरं, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. त्याचे नागपूर विभागासाठी आयुक्त आहेत. उत्पन्नाचा दाखला या कायद्यात येतो, म्हणजे पटवाऱ्याच्या अहवालापाशी अडलेल्या बाईला तिथंच दाद मागता येते.

पण पगाराचं प्रकरण तालुका समितीपुढे जातं, आणि तिचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला असतो. खिडकीवरच ‘आजी, तुमचं यात बसत नाही’ ऐकून परतलेल्या बाईच्या हाती नकाराचा कागद नसतो. मग अपील कशावर करायचं?

2024 मध्ये लाडकी बहीण आली. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय 21 ते 65. पासष्टी उलटली की बाई त्या यादीतून निघते आणि 1500 रुपयांसाठीच श्रावणबाळच्या रांगेत उभी राहते. तिथं मर्यादा 21,000.