पोक सवयीचं की हाडाचं?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या पाठीला बाक दिसायला लागला की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "ताठ बस!" काही मुलं निदान दहा मिनिटं तरी ताठ बसतात. काही मात्र जोर लावूनही सरळ होत नाहीत आणि त्यांना 'आळशी' हे विशेषण मिळतं. या दुसऱ्या गटातल्या काहींच्या बाबतीत दोष सवयीचा नसतो, मणक्यांचा असतो.

छातीमागच्या बारा मणक्यांना थोडा बाक असतोच. साधारण २० ते ४५ अंशांपर्यंतचा बाक नॉर्मल धरला जातो. सवयीच्या पोकात हा बाक वाढलेला दिसतो, पण मणक्यांचा आकार ठीक असतो. खांदे पुढे आलेले, मान पुढे काढलेली, छातीचे स्नायू आखडलेले आणि खवाट्यांमधले स्नायू सैल पडलेले, एवढाच मामला. दुसरा प्रकार म्हणजे शॉयरमन कायफोसिस (कायफोसिस म्हणजे पाठीचा बाक). डॅनिश डॉक्टर होल्गर शॉयरमन यांनी १९२०च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. यात वाढीच्या वयात मणक्याची पुढची बाजू मागच्या बाजूइतकी वाढत नाही, त्यामुळे चौकोनी मणका पाचरीसारखा होतो. सलग किमान तीन मणके प्रत्येकी ५ अंश किंवा त्याहून जास्त पाचरट झालेले एक्स-रेत दिसले, तर हे निदान करतात. एकाच घरात ते अनेकांना असू शकतं.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. मुलाला जमिनीवर पालथं झोपवून छाती उचलायला सांगा. सवयीचं पोक या स्थितीत बरंचसं नाहीसं होतं. शॉयरमनचं ताठरपणे तसंच राहतं. मग उभं करून पुढे वाकायला लावा आणि बाजूने बघा. पहिल्यात पाठीची कमान गोल, एकसारखी दिसते. दुसऱ्यात मध्येच एक टोकदार वळण उठून दिसतं. शिवाय शॉयरमनच्या मुलांच्या मांडीमागचे स्नायू बऱ्याचदा इतके आखडलेले असतात की बोटं पायापर्यंत पोचत नाहीत. अर्थात हा फक्त अंदाज. शिक्का एक्स-रेचा.

व्यायाम दोघांनाही लागतो, आणि गंमत म्हणजे तो बराचसा सारखाच असतो. भुजंगासन, शलभासन, रबरी पट्टा ओढून खवाटे मागे जवळ आणणं, हनुवटी आत घेणं, दाराच्या चौकटीत हात टेकवून छाती ताणणं, मांडीमागचा ताण. टॉवेलची घट्ट गुंडाळी पाठीखाली आडवी ठेवून उताणं पडलं तरी पाठ बरीच मोकळी होते. फरक आहे तो अपेक्षेचा. सवयीच्या पोकात काही महिने नेटाने व्यायाम केला, बसण्याची उंची आणि मोबाइल धरण्याची पद्धत सुधारली, तर पाठ दिसायलाही सरळ होऊ शकते. पाचरट झालेलं हाड मात्र कोणतंही आसन परत चौकोनी करत नाही. तिथे व्यायाम असतो तो दुखणं कमी करण्यासाठी आणि ताठरलेल्या भागाच्या वरखाली पडणारा भार पेलण्यासाठी. 'महिन्यात पाठ सरळ' असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

दुखतं कुठे, तेही बघावं. सवयीचं पोक असलेल्यांची मान आणि खांदे संध्याकाळी भरून येतात, आणि उठून फिरलं की बरं वाटतं. शॉयरमनमध्ये बाकाच्या टोकाशी दुखतं, किंवा त्याखाली कमरेत. कारण वरचा बाक सावरायला कंबर जास्त आत वळते. म्हणून पोट आणि नितंबांचे स्नायू बळकट करणं इथे महत्त्वाचं. प्लँक चालतो, पुढे वाकून ढिगाने सिट-अप्स किंवा पाठ गोल करून वजन उचलणं नको. दुखणं चढलं असेल त्या दिवशी शेक घ्यावा आणि व्यायाम निम्म्यावर आणावा, पण अंथरूण धरू नये. पोहणं मानवत असेल तर उताणं पोहावं.

वाढ शिल्लक असेल आणि बाक बराच असेल, तर डॉक्टर पाठीला आधार देणारा पट्टा (ब्रेस) सुचवतात, म्हणून शॉयरमनची शंका असेल तर वेळ घालवू नये. शस्त्रक्रियेचा विचार साधारण ७५ अंशांपुढे, किंवा कशानेच न थांबणाऱ्या वेदनेत. बाकीच्यांना दिलासा असा, की १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ६७ रुग्णांना सरासरी ३२ वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांची पाठ इतरांपेक्षा जास्त दुखत होती, पण त्यापायी कामावरच्या रजा किंवा दैनंदिन अडचणी फारशा जास्त नव्हत्या.

हे सगळं वाढत्या वयाच्या आणि तरुण पाठींबद्दल. आजीला साठीनंतर पोक येऊ लागलं असेल तर हाडं ठिसूळ होऊन मणके दबलेले असू शकतात, आणि तिथे पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकणं धोक्याचं. आधी हाडांची तपासणी करून घ्या. कोणत्याही वयात पोकासोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पायांत बधिरपणा असेल, तर चटई गुंडाळून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही.