ऊन लागलं, की मेनिंजायटिस?

मे महिन्यात नागपुरात कुणाला ताप आला, डोकं दुखलं, दोन उलट्या झाल्या, की घरातलं निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं. मग कैरीचं पन्हं, तळपायाला कांदा, कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी. पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या शहरात हा अंदाज बऱ्याचदा खराही निघतो. पण याच तक्रारी घेऊन मेनिंजायटिसही, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाची सूज, येतो, आणि त्यात ‘सकाळी पाहू’ म्हणत घालवलेली रात्र जिवावर बेतू शकते.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन पदरी आवरण असतं. आतल्या दोन पदरांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळतो, मोठ्या माणसात जेमतेम 150 मिलीलिटर. रक्तातल्या संरक्षक पेशींचा तिथे फारसा वावर नसतो. त्यामुळे जिवाणू आत शिरले की त्यांना मोकळं रान मिळतं. आवरणाला सूज येते, कवटी तर तसूभरही पसरत नाही, दाब वाढत जातो. म्हणून ती असह्य डोकेदुखी, उलट्या आणि ग्लानी. मान वाकवली की सुजलेली आवरणं ताणली जातात, म्हणून मान ताठ होते.

तापाच्या रुग्णाची हनुवटी छातीला टेकत नसेल, उजेड सोसत नसेल, तो बरळत असेल, झटके आले असतील किंवा अंगावर दाबूनही न फिकटणारे जांभळे डाग उठले असतील, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. खऱ्या उष्माघातातही माणूस बरळतो. तेव्हाही घरी थांबायचं नसतंच. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. त्याची टाळू फुगते, ते दूध ओढत नाही, बारीक किंचाळल्यासारखं रडतं आणि कडेवर घेतल्यावर आणखीच कळवळतं.

पुढचा वेळ जातो तो वॉर्डात. डॉक्टर म्हणतात, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. आणि कुणीतरी नातेवाईक पुढे येतो, “नाही जी, पाणी काढलं का माणूस लुळा पडते.” ही भीती मला फार घातक वाटते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्याही खाली. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं. लुळेपणा येतो तो बहुधा आजारामुळे, आणि बोल लागतो सुईला.

त्या थोड्याशा पाण्यावर पुढचं सगळं ठरतं. पाणी गढूळ, साखर घटलेली, पांढऱ्या पेशी भरमसाट, तर रोख जिवाणूंकडे. मग सेफ्ट्रियाक्सोनसारखं अँटिबायोटिक शिरेतून, सहसा एक-दोन आठवडे. तपासणीला उशीर होणार असेल तर डॉक्टर औषध आधी सुरू करतात. विषाणूमुळे झालेला मेनिंजायटिस बहुतेकदा आपसूक बरा होतो. क्षयाचा मात्र दबकत येतो: दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक नाही, स्वभावात चिडचिड. त्याची औषधं साधारण वर्षभर चालतात. ती मध्येच सोडू नयेत.

जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये 6 पैकी 1 रुग्ण दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी 5 पैकी 1 जणाला मोठं अपंगत्व राहतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहिरेपण त्यातलंच. लहान मूल ते सांगू शकत नाही, म्हणून हॉस्पिटलातून सुट्टी झाल्यावर महिनाभरात कानांची तपासणी करून घ्याच.

यातलं बरंच टाळता येतं, तेही सरकारी दवाखान्यात मोफत. जन्मल्यावर बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून जपते. 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस; हिब जंतूचा मेनिंजायटिस ती टाळते. 6 आणि 14 आठवड्यांना, मग 9 महिन्यांना पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकस जंतूवरची लस. मेनिंगोकोकसची लस नेहमीच्या यादीत नाही, पण हजला जाणाऱ्यांना ती घ्यावीच लागते. या जंतूचा रुग्ण घरात निघाला, तर सोबत राहणाऱ्यांनाही डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात.

विदर्भात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इथे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, बराच आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली होती. या आजारात लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते, आणि न्यूमोकोकस जंतूला रक्तात अडवणारी मुख्य चाळणीच जाते. अशा मुलांना पीसीव्हीखेरीज वयाच्या दोन वर्षांनंतर न्यूमोकोकसची आणखी एक लस आणि मेनिंगोकोकसची लस लागते, शिवाय पाच वर्षांचे होईपर्यंत रोज पेनिसिलिन. अशा मुलाला ताप आला, तर मे महिना असो की डिसेंबर, त्याच दिवशी, त्याचं सिकलसेलचं कार्ड सोबत घेऊन डॉक्टरांकडे न्यावं.