एअरगनचे छर्रे आणि बारा बोअरची काडतुसं: परवाना कधी लागतो, अर्ज कसा करायचा?

एअरगन असो की बारा बोअरची बंदूक (म्हणजे शॉटगन), दोन्हीकडे शिशाचे छर्रेच, म्हणून नियमही सारखेच असतील असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही.

एअरगनचा छर्रा डबीत सुटा मिळतो. उचलून पाहा: डमरूसारखी कंबर, मागची बाजू पोकळ. हवेच्या दाबाने ती पोकळ कड पसरून नळीच्या पिळात (आतल्या नागमोडी खाचांत) घट्ट बसते आणि छर्रा स्वतःभोवती फिरत निघतो. बंदुकीच्या दारूचा संबंधच नाही. शॉटगनचे छर्रे गोल, काडतुसात एकत्र भरलेले. तळाशी टोपी (दारू पेटवणारी) आणि दारू, मध्ये वॅड म्हणजे दारू आणि छर्रे वेगळे ठेवणारा बोळा, वर छर्रे. बार उडाला की सगळे एकदम बाहेर पडतात आणि पांगतात. छर्ऱ्यांच्या आकाराचा नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक.

शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मिमीपर्यंत (.177 इंच) बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. लोक फसतात ते इथेच: .22 म्हणजे 5.5 मिमीची एअरगन दिसायला तशीच, पण तिला परवाना लागतो. तेव्हा दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका, खोक्यावरचे आकडे स्वतः वाचा. आणि परवाना लागत नाही म्हणून पाखरं मारायची मुभा मिळत नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो.

बारा बोअरसाठी मात्र परवाना हवाच. वय 21 पूर्ण असावं. अर्ज नमुना ए-1 मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. सोबत जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. सगळ्या कागदांवर नाव आणि पत्ता एकसारखा आहे ना, ते आधीच तपासा. मग पोलीस पडताळणी होते. अर्जात कारण मोघम लिहू नका: स्वसंरक्षण की नेमबाजी, ते स्पष्ट सांगा. संरक्षण किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीच्या, बिनपिळाच्या बंदुकीची शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 13 मध्ये वेगळी तरतूद आहे, तिचा उल्लेख जरूर करा.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येपुरतीच घेता येतात. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा, अपिलाला तीच उपयोगी पडतात.