क्रिया आणि संक्रांती (हिंदुस्थानी कंठसंगीत)

एखादी विद्या स्वतः उत्तम रीतीने साधणे म्हणजे ‘क्रिया’ आणि ती दुसऱ्याच्या ठायी तितक्याच समर्थपणे उतरवणे म्हणजे ‘संक्रांती’. या दोन सामर्थ्यांतील भेद प्रत्येक व्यवसायात आढळतो. वैद्यक, वकिली, सुतारकाम किंवा पाककला यांतील कोणताही निष्णात माणूस शिकवायला बसला की तो भेद दिसू लागतो. हिंदुस्थानी कंठसंगीतात तो विशेष स्पष्ट होतो, कारण येथे विद्या मुख्यतः गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते आणि तिचे बरेवाईट काही वर्षांनी सर्वांना ऐकू येते. प्रस्तुत नोंदीत या संगीतातील मैफलीचा गायक आणि तालीम देणारा गुरू यांच्या संदर्भात या भेदाचा विचार केला आहे.

या संज्ञा कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्या अंकातील आहेत. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वावरून वाद घालत राजा अग्निमित्रापुढे येतात, तेव्हा न्याय करण्यासाठी नेमलेली परिव्राजिका (संन्यासिनी) म्हणते : ‘श्लिष्टा क्रिया कस्यचिदात्मसंस्था संक्रान्तिरन्यस्य विशेषयुक्ता’. कोणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर दुसऱ्या कोणाजवळ ती संक्रमित करण्याची विशेष हातोटी असते. ज्याची दोन्ही अंगे चांगली, त्याला शिक्षकांच्या अग्रभागी बसवावे, असे ती पुढे सांगते. यानंतर परीक्षा ठरते ती आचार्यांनी स्वतः नाचून दाखवण्याची नव्हे, तर त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगाची. नाटकाच्या दृष्टीने ही मालविकेला राजासमोर आणण्याची युक्ती असली, तरी शिक्षकाची पारख शिष्यावरून करावी हा तिच्यातला विचार पक्का आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक असे पाच प्रकार सांगितले आहेत. काहीही उणे न ठेवता शिकवण्यात जो दक्ष तो शिक्षाकार, दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा तो अनुकार आणि श्रोत्यांचे मन रिझवणारा तो रंजक. शिकवण्याचे कौशल्य आणि रंजनाचे कौशल्य यांची येथे वेगवेगळी नावे आहेत, आणि पाचांत पहिले नाव शिक्षाकाराचे आहे. गायकांमध्येच शिक्षाकाराची गणना करून ग्रंथकाराने हेही सूचित केले आहे की, शिकवणे हे गाण्याचेच एक अंग आहे, गाणे न जमलेल्याने धरलेली वाट नव्हे.

मैफलीत गाणाऱ्या कलावंताची बहुतेक कृती त्याच्या नकळत होत असते. श्वास कुठे घ्यावा, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) किती लांबवावी, तानेत जबडा किती सैल सोडावा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना बोल कसा आवळावा याचा तो गाताना विचार करत नाही. केला तर गाणे अडखळते. वर्षानुवर्षांच्या रियाजाने या साऱ्या गोष्टी गळ्यात इतक्या मुरलेल्या असतात की, मुळात त्या वेगवेगळ्या पायऱ्या होत्या याचा त्याला विसर पडतो. शिष्य अडतो तो नेमका या विसरलेल्या पायऱ्यांवर. अशा वेळी ‘हे असं घ्यायचं’ म्हणून तीच जागा पुन्हा गाऊन दाखवणे एवढेच उत्तर ज्या गुरूजवळ असते, त्याचा तल्लख शिष्य तरून जातो आणि मध्यम कुवतीचा शिष्य आपल्यातच दोष आहे असे समजून खचतो. हे खचणे अनेकदा अकारण असते आणि गाणाऱ्या मुलामुलींचे त्याने झालेले नुकसान फार मोठे आहे.

गुरूचे काम ऐकण्यापासून सुरू होते. शिष्याचा गंधार (‘ग’ हा स्वर) उतरतो आहे, हे कोणत्याही जाणकार श्रोत्याला कळते. तो दमसास संपल्यामुळे उतरतो, आकार (‘आ’चा उच्चार) आवळला गेल्यामुळे, की तंबोऱ्याकडे कान नसल्यामुळे, हे ओळखणे गुरूचे काम असते, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाण्यासाठी धरलेल्या ‘सा’च्या उंचीचा, आहे; ती पेटीच्या पट्टीच्या नावाने सांगतात. पुरुष सामान्यतः काळी एक वा दोनच्या, तर स्त्रिया काळी चार वा पाचच्या आसपास गातात. एकाच पट्टीत दोघांना बसवले की कोणाच्या तरी आवाजावर ताण पडतो, आणि वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटत असताना त्याला वरच्या सप्तकात रेटले तर तो कायमचा बिघडू शकतो. काय शिकवायचे याइतकेच, केव्हा थांबवायचे हेही गुरूला ठाऊक असावे लागते.

क्रम लावणे हे या कामाचे सर्वांत कमी दिसणारे अंग आहे. सवाई गंधर्वांनी (1886–1952) भीमसेन जोशी यांना मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पूरिया या रागांची तालीम दिली. वरवर पाहता ही फार तोकडी शिदोरी वाटते. परंतु तोडी आणि मुलतानी यांचे सातही स्वर तेच आहेत. ऋषभ, गंधार, धैवत (रे, ग, ध) कोमल म्हणजे उतरलेले आणि मध्यम (म) तीव्र म्हणजे चढवलेला. मुलतानीच्या आरोहात, म्हणजे चढत्या क्रमात, ऋषभ-धैवत वर्ज्य असतात आणि तिचा गंधार लावण्याची रीत निराळी असते, एवढ्यावर दोन रागांची दोन व्यक्तित्वे उभी राहतात. पूरियाचीही अशीच सोयरीक मारवा आणि सोहनी या रागांशी आहे. ज्याच्या कानाला आणि गळ्याला हे भेद महिनोन् महिने घोटून पक्के झाले, त्याला रागाचे रूप म्हणजे स्वरांची यादी नव्हे हे वेगळे सांगावे लागत नाही. थोडक्यात पुष्कळ शिकवणारी ही निवड ज्याला सुचते, त्याला अध्यापनाची दृष्टी आहे.

सवाई गंधर्वांचा स्वतःचा आवाज मुळात सहज फिरणारा नव्हता, तो मेहनतीने घडवावा लागला, असे सांगितले जाते. पुढे अर्धांगवायूने त्यांचे जाहीर गाणे थांबले, तरी त्यांची विद्या शिष्यांमधून चालू राहिली. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन त्यांच्याकडे शिकल्या. फिरोज दस्तूर आणि बसवराज राजगुरू हेही त्यांचे शिष्य. या चौघांचे गाणे एकापाठोपाठ ऐकले तर घराण्याची नाळ ओळखू येते, आणि तरीही एकाचे गाणे दुसऱ्यासारखे नाही. अल्लादिया खाँ (1855–1946) यांचाही आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने बसला आणि पूर्वीचा गोडवा परत आला नाही. उरलेल्या आवाजाला शोभेल अशी पेचदार, लयीला घट्ट बिलगलेली गायकी त्यांनी नव्याने बांधली, तिला आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतात. ज्याला आपली वास्तू एकदा पडल्यावर पुन्हा विटेवर वीट रचून उभारावी लागली, त्याला विटा कुठे कशा बसल्या आहेत हे माहीत असते. दोघांच्या गुरुत्वाचे एक कारण येथे असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मात्र कष्टाने मिळवलेली विद्या प्रत्येकाला शिकवता येते, किंवा शिकवावीशी वाटते, असे नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या दोन शिष्या, दोघीही गोव्याच्या. केसरबाई केरकर (1892–1977) आणि मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) यांनी एकाच गुरूकडे कठोर तालीम घेतली. केसरबाईंचा भरदार, अखंड आवाज मैफलीत साऱ्यांना झाकून टाकत असे आणि त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. परंतु त्यांची शिष्या म्हणून ठळकपणे घेता येईल असे नाव धोंडूताई कुलकर्णी यांचेच आहे. मोगूबाईंनी मैफली केल्या आणि त्याबरोबर पुढच्या पिढ्या घडवल्या. कन्या किशोरी आमोणकर, तसेच कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर ही त्यांतील काही नावे. किशोरीताईंना त्यांनी अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकू दिले. आपल्याजवळचे सर्व देऊन झाल्यावरही शिष्याला दुसऱ्या दाराशी जाऊ देणे हा मोठा त्याग आहे, आणि किशोरीताईंच्या गाण्यात जी मोकळीक दिसते तिचे थोडे श्रेय या त्यागाला द्यायला हवे. यावरून केसरबाईंना उणे लेखण्याचे कारण नाही. त्यांचा आत्मसंस्थ अधिकार निर्विवाद आहे. फक्त तो संक्रांतीचा अधिकार नव्हता, आणि दोहोंना एकच माप लावणे हा आपला घोटाळा आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे बा. र. देवधर (1901–1990). विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य असलेले देवधर स्वतः मैफलीचे आघाडीचे गायक म्हणून ओळखले गेले नाहीत. निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडे जाऊन चिजा आणि गायकीचे बारकावे जमवणे, आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास करणे आणि मुंबईतील आपल्या संगीतशाळेत शिकवणे यांत त्यांनी आयुष्य घातले. शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, त्यांच्याकडे आले तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते आणि नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवण्याबद्दल त्यांची ख्याती झाली होती. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेत हा मुलगा उत्तम ‘अनुकार’ होता. असा शिष्य मिळाल्यावर त्याला आणखी एक नक्कल, म्हणजे गुरूची, शिकवणे सर्वांत सोपे होते. देवधरांनी त्याला अनेक गायक्या ऐकवल्या, त्यांतील युक्त्या उलगडून दाखवल्या आणि स्वतःच्या गळ्याचा साचा त्याच्यावर लादला नाही. पुढे कुमारांनी जी वाट काढली ती देवधरांच्या गाण्यासारखी नाही, आणि देवधरांच्या शिकवण्याचे यश नेमके तेच आहे. संगीतात गुरूकडून जसेच्या तसे घेतलेल्या ऐवजाला ‘नायकी’ आणि त्यातून शिष्याने स्वतः फुलवलेल्या मांडणीला ‘गायकी’ म्हणतात; नायकी देता येते, गायकीसाठी जागा सोडावी लागते.

शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे असे मानून त्याची व्यवस्था लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न पलुस्करांनी (1872–1931) केला. 5 मे 1901 रोजी लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी संगीतशिक्षक तयार करण्यासाठी ‘उपदेशक’ वर्ग चालवला, स्वरलिपी बसवली आणि पाठ्यपुस्तके काढली. त्यांच्या शिष्यांपैकी विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर यांनी मैफल आणि विद्यालय दोन्ही सांभाळले. त्यांच्या मृत्यूनंतर 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा महाराष्ट्रातील गावोगावच्या क्लासांत आजही दिल्या जातात. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) तर व्यवसायाने वकील होते आणि मैफलीचे गायक नव्हतेच. दहा थाटांची (रागांचे स्वरांनुसार केलेले गट) मांडणी आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग यांमुळे पाठांतरावर चालणारी विद्या क्रमाने शिकण्याजोगी झाली. लखनौला 1926 मध्ये सुरू झालेल्या मॅरिस कॉलेज या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी दीर्घकाळ भूषवले, आणि कृ. गुं. गिंडे, दिनकर कायकिणी यांच्यासारखे शिष्य घडवले.

या संस्थांवर ‘त्यांनी कलावंत निर्माण केले नाहीत’ हा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो पूर्णपणे खरा नाही. पण त्यात तथ्याचा एक भाग आहे. चाळीस मिनिटांच्या तासात वीस मुलांना पेटीवर एक चीज बसवून देताना एकेकाचा गळा ऐकायला सवड राहत नाही, आणि विशारद झालेला विद्यार्थी त्याच परीक्षेच्या बळावर दुसऱ्या दिवशी शिक्षक होतो. गुरुकुल पद्धतीत गळा ऐकायला वेळ भरपूर असतो, परंतु तेथे गुरूची निवड त्याच्या मैफलीच्या कीर्तीवरून होते. पहिल्या व्यवस्थेने संक्रांती परीक्षेवर सोपवली, दुसरीने ती क्रियेत गृहीत धरली. शिष्याला गाताना कोणी तरी बसून ऐकावे आणि मग त्याच्या गुरूच्या शिकवण्याचा कौल द्यावा, ही परिव्राजिकेची साधी रीत दोन्हींकडे अभावानेच दिसते.

अलीकडे अमेरिका, ब्रिटन, आखाती देश येथील मराठी कुटुंबांतील मुले पुण्या-मुंबईच्या शिक्षकांकडून व्हिडिओ कॉलवर शिकू लागल्यापासून या प्रश्नाला नवे रूप आले आहे. आवाज पोहोचण्यातील क्षणभराच्या विलंबामुळे गुरू आणि शिष्य यांना एका तंबोऱ्यावर एकत्र गाता येत नाही, आणि गुरूच्या मागे बसून त्याच्या सुरात सूर मिसळत शिकण्याची जुनी वाट बंद होते. मग गाऊन दाखवायचे, थांबायचे, शिष्याचे गाणे संपेपर्यंत पूर्ण ऐकायचे आणि कुठे, काय, कशामुळे चुकले ते शब्दांत सांगायचे एवढेच उरते. ज्यांचे शिकवणे सोबत गाण्यावर चालत होते त्या गायकांना हे फार जड जाते. ज्यांना दोष ऐकून त्याचे कारण सांगता येते, ते शिक्षक याही माध्यमात एखाद्या मुलीचा उतरणारा गंधार चार आठवड्यांत जागेवर आणतात.